दान वेगळे, देणे वेगळे

१९१९ साली न्यूयॉर्कच्या गॅरंटी बँकेने एका मोठ्या कर्जापोटी अजब तारण ठेवून घेतले. सोने नाही, जमीनजुमला नाही, गोदामातला माल नाही. फक्त एक कागद, आणि त्यावर लिहिलेली एका पेयाची कृती. कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे १९२५ पर्यंत, तो कागद बँकेच्या तिजोरीत पडून होता. माझा उमेदीचा काळ बँकेच्या नोकरीत गेला. दागिने, विम्याच्या पॉलिसी, गुळाच्या ढेपा, कापसाच्या गाठी अशी नाना तऱ्हेची तारणे पाहिली. पण सरबताच्या कृतीवर पैसे देण्याची हिंमत आमच्याकडच्या एखाद्या मॅनेजरने केली असती, असे मला वाटत नाही.

कर्जदार होता अर्नेस्ट वुडरफ. अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरात, ट्रस्ट कंपनी ऑफ जॉर्जिया नावाची बँक होती. तिचा हा अध्यक्ष. करारी आणि कमालीचा चिक्कू. १८८६ साली जॉन पेंबर्टन या औषधवाल्याने अटलांटात एक पेय तयार केले आणि एसा कँडलर या व्यापाऱ्याने ते नावारूपाला आणले. ती कोका-कोला कंपनी अर्नेस्ट आणि त्याच्या साथीदारांनी अडीच कोटी डॉलरला विकत घेतली होती. कर्ज त्यासाठीच होते.

मला आज सांगायचे आहे ते मात्र अर्नेस्टबद्दल नाही, त्याच्या मुलाबद्दल. रॉबर्ट वुडरफ हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या तोंडी नसेल. अटलांटात मात्र त्याच्या नावाचे ग्रंथालय आहे, कलाकेंद्र आहे, उद्यान आहे. एखाद्या बड्या कंपनीने शाळेला संगणक दिले, गावात बंधारा बांधला, अशी छायाचित्रासह बातमी वाचली की मला हा माणूस आठवतो. दान कसे करावे हे त्याला पक्के कळत होते. आणि दानाने काय होते व काय होत नाही, हे त्याच्या आयुष्याकडे पाहून जितके स्वच्छ कळते, तितके कुठल्याही अहवालाने कळत नाही.

रॉबर्टचा जन्म ६ डिसेंबर १८८९ चा, जॉर्जियातल्या कोलंबस गावातला. अभ्यासात त्याची गती बेताचीच. एमरी कॉलेजात त्याने जेमतेम एक सत्र काढले आणि १९०९ मध्ये कॉलेज सोडले. बँकेच्या अध्यक्षाचा मुलगा, पण सुरुवात केली ओतकामाच्या कारखान्यात मजुरीने. पुढे वडिलांच्याच बर्फ आणि कोळशाच्या कंपनीत तो खरेदीचे काम पाहू लागला. तिथे त्याने घोडागाड्या काढून मोटारट्रक घेतले. वडिलांना हा खर्च मानवला नाही. बापलेकांत बिनसले आणि रॉबर्ट ज्या कंपनीचे ट्रक घेतले होते त्या व्हाइट मोटर कंपनीतच विक्रेता म्हणून गेला. थोड्याच वर्षांत तिथे वरच्या खुर्चीवर पोचलादेखील. १९१२ मध्ये नेल हॉजसनशी त्याचे लग्न झाले. त्यांना मूलबाळ झाले नाही.

इकडे कोका-कोलाची घडी विसकटली होती. साखरेचे भाव आधी कडाडले आणि मग कोसळले, त्यात कंपनी सापडली. बाटल्या भरणाऱ्यांशी कज्जे चालू होते. शेअर निम्म्याच्या खाली आला होता. शेवटी १९२३ च्या एप्रिलमध्ये संचालकांनी रॉबर्टला अध्यक्ष केले. वय अवघे तेहतीस. तिथून पुढे जवळजवळ साठ वर्षे, पद कुठलेही असो, शेवटचा शब्द त्याचाच राहिला. १९५५ मध्ये तो रीतसर निवृत्त झाला, पण वित्त समिती त्याच्या हातात होती. आणि तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला, घर त्याचे, हे काय आपल्याला सांगायला हवे?

त्याने काय केले? पेयाची चव त्याने बदलली नाही. माणूस जिथे असेल तिथे, हात लांबवला की बाटली मिळाली पाहिजे, एवढेच त्याने ठरवले. सहा बाटल्यांचा पुठ्ठ्याचा खोका आला, दुकानांत बर्फाच्या पेट्या आल्या, पेट्रोल पंपांवर विक्री सुरू झाली. १९२६ मध्ये परदेश विभाग निघाला, १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये पेय पोचले. दुसऱ्या महायुद्धात त्याने जाहीर केले की गणवेशातल्या प्रत्येक अमेरिकन माणसाला, तो जगात कुठेही असो, पाच सेंटला बाटली मिळेल. त्यासाठी सैन्याच्या मागोमाग ६४ ठिकाणी बाटल्या भरण्याचे कारखाने उभे राहिले. युद्ध संपले, सैनिक घरी गेले, पण बाजारपेठ तिथेच राहिली.

या धंद्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. अटलांटाची कंपनी मुख्यतः विकत असे तो दाट पाक. १८९९ मध्ये दोन वकिलांना बाटल्या भरण्याचा हक्क एका डॉलरला देऊन टाकला गेला होता. तेव्हापासून पाणी, काच, ट्रक, कामगार, जागा हे सगळे बाटली भरणाऱ्याच्या डोक्यावर. बाटलीतला बहुतेक ऐवज पाणीच, आणि ते पाणी ज्या गावात कारखाना त्या गावचे. थोडक्यात, जे जड होते ते दुसऱ्याच्या वहीत, आणि जे हलके व मोलाचे होते ते आपल्या वहीत. हिशेबनीस म्हणून या रचनेला दाद द्यावीशी वाटते. माणूस म्हणून विचार करताना जरा थांबावे लागते.

आता त्याच्या दानाविषयी. आपल्याकडे या हाताचे त्या हाताला कळू नये म्हणतात, तसा हा माणूस देत असे. देणगीची पहिली अट, नाव बाहेर येता कामा नये. अटलांटातल्या लोकांना देणारा कोण हे ठाऊक असे, पण बोलायचे कुणी नाही. श्रेयाची फिकीर केली नाही तर माणूस किती मजल मारू शकतो याला सीमा नाही, अशा अर्थाची पाटी त्याच्या टेबलावर असे. त्याच्या आईचे वडील रॉबर्ट विनशिप कर्करोगाने गेले होते. १९३७ मध्ये ५० हजार डॉलर देऊन त्याने एमरी विद्यापीठात त्यांच्या नावाने कर्करोगाचे रुग्णालय सुरू केले. १९७९ मध्ये रॉबर्ट आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांनी आईवडिलांच्या नावच्या निधीतून याच विद्यापीठाला साडेदहा कोटी डॉलरचे शेअर दिले. एखाद्या शिक्षणसंस्थेला एकरकमी मिळालेली तोपर्यंतची ती सर्वांत मोठी देणगी. ज्या कॉलेजने एका सत्रात निरोप दिला, त्याच्यावर कुणी असा सूड उगवावा!

१९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना नोबेल मिळाल्याबद्दल अटलांटात मेजवानी ठरली, तेव्हा शहरातले गोरे व्यापारी तिकिटे घ्यायला कचरत होते. वुडरफ आणि त्याच्या कंपनीने वजन टाकले आणि दालन भरले. यात न्यायाची चाड किती आणि शहराच्या व धंद्याच्या अब्रूची काळजी किती, हे वेगळे करता येणार नाही. पण झाले ते चांगले झाले.

आणि मग इचवे. १९२९ मध्ये वुडरफने जॉर्जियाच्या नैर्ऋत्येला बटेरांच्या शिकारीसाठी मोठी जमीन घेतली. पुढे वाढून ती सुमारे २९ हजार एकरांची झाली. तिचे नाव इचवे. तिथे राबणाऱ्या कुटुंबांत हिवताप घरोघरी होता. वुडरफने आधी क्विनाइन वाटले, मग एमरीच्या डॉक्टरांना बोलावून तिथे हिवतापाच्या अभ्यासाचे केंद्र काढायला लावले. हिवतापाशी लढणाऱ्या सरकारी यंत्रणेतून १९४६ मध्ये अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र जन्माला आले. ते राजधानीत न जाता अटलांटातच राहिले, यामागे वुडरफचा हात होता. १९४७ मध्ये एमरीने त्या केंद्राला १५ एकर जागा नाममात्र दहा डॉलरला दिली. सबंध जगाला साथींच्या वेळी ज्या संस्थेचे नाव ऐकू येते, ती ही.

इचवेचे जंगल लांब सुयांच्या पाइन वृक्षांचे. एके काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात हे जंगल सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरले होते. तोडीने आणि शेतीने त्याची रया गेली. हे झाड टिकते ते जमिनीवरच्या गवताला ठरावीक काळाने आग लावल्यामुळे. बटेरांसाठी तिथे अशी आग लावली जात असे, म्हणून तिथले जंगल वाचले. वुडरफच्या मृत्यूनंतर, १९९१ मध्ये, त्याच्या निधीतून तिथे पर्यावरण संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा दीर्घकाळचा सहकारी जोसेफ जोन्स याचे नाव त्याला दिले. जंगल, ओढे, नद्या आणि जमिनीच्या पोटातले पाणी यांचा तिथे बारकाईने अभ्यास होतो. किती उपसा झाला की ओढ्याचा प्रवाह किती खालावतो, हे तिथले शास्त्रज्ञ मोजतात.

म्हणजे पाणी काय असते, जमीन काय असते, तिथल्या गरिबाचा ताप काय असतो, हे या माणसाला समजत होते. स्वतःच्या जमिनीवर त्याने ते सांभाळले. अशा माणसाच्या हयातीत त्याच्या कंपनीच्या बाटलीचे काय झाले, ते आता पाहू.

माझ्या पिढीला शीतपेय म्हटले की दुकानाच्या फळीशी उभे राहून प्यायलेली काचेची बाटली आठवते. प्यायची आणि तिथेच खोक्यात ठेवायची. घरी न्यायची तर डिपॉझिट भरायचे. अमेरिकेतही हीच रीत होती. एकच बाटली कित्येकदा धुऊन भरली जाई, कारण बाटली भरणाऱ्याला ती परत हवी असे. १९६० च्या सुमारास पत्र्याचे डबे आणि फेकून द्यायच्या बाटल्या आल्या. १९७८ मध्ये दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली आली. धुण्याचा, परत आणण्याचा खर्च वाचला. कचरा उचलण्याचा खर्च मात्र नगरपालिकांवर, म्हणजे करदात्यांवर गेला. जड वस्तू दुसऱ्याच्या वहीत टाकण्याची जुनी सवय इथेही कामाला आली.

कंपनीला याची जाणीव नव्हती असे नाही. १९६९ मध्ये तिने एका संशोधन संस्थेकडून डबे आणि बाटल्यांचा अभ्यास करवून घेतला. कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत प्रत्येक प्रकाराला किती ऊर्जा लागते, किती घाण होते, याची ती मोजणी होती. या विषयातला तो पहिला अभ्यास मानतात. तो संपूर्ण स्वरूपात कधीच छापला गेला नाही. १९७० मध्ये कंपनीने पाणी शुद्ध करणारी ॲक्वा-केम ही कंपनीही घेतली आणि १९८१ मध्ये विकून टाकली. दरम्यान १९७१ मध्ये ऑरेगॉन राज्याने बाटल्यांवर डिपॉझिट सक्तीचे करणारा कायदा केला. असे कायदे इतरत्र होऊ नयेत म्हणून शीतपेयवाल्यांनी वर्षानुवर्षे जोर लावला, त्यात कोका-कोलाही होती. स्वच्छतेच्या मोहिमांना मात्र याच उद्योगांनी सढळ हाताने पैसे दिले. रस्त्यावर कचरा टाकू नका, असे त्या मोहिमा नागरिकांना सांगत. फेकून द्यायची बाटली कुणी काढली, हे त्यांत येत नसे.

वुडरफ ७ मार्च १९८५ रोजी वारला. वय ९५. त्यापूर्वी १९७७ मध्ये, परकी भागीदारी ४० टक्क्यांवर आणा आणि तंत्र भारतीयांच्या हाती द्या, या सरकारी अटी न मानता त्याची कंपनी भारत सोडून गेली होती. तारण ठेवलेला तो कागद तिने कुणाला दाखवला नाही. १९९३ मध्ये ती परतली. पुढची गोष्ट केरळातली आहे. वुडरफला मरून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. तिचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण त्याने उभ्या केलेल्या वहीतले हे पुढचे पान आहे, म्हणून सांगितले पाहिजे.

पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचीमाडा गावात २००० साली कंपनीच्या भारतीय शाखेचा कारखाना सुरू झाला. विंधनविहिरींतून रोज लाखो लिटर पाणी निघू लागले. थोड्याच काळात आसपासच्या आदिवासी वस्त्यांतल्या विहिरी खालावल्या. उरलेले पाणी इतके जड की त्यात डाळ शिजेना. कारखान्यातला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता. २००३ मध्ये बीबीसीने तो तपासून घेतला, तेव्हा त्यात शिसे आणि कॅडमियम सापडले. एप्रिल २००२ मध्ये गावकरी कारखान्याच्या दाराशी बसले होते. त्यांच्या पुढे होती मयिलम्मा ही आदिवासी बाई. पंचायतीने परवाना नाकारला. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने भूजल ही लोकांची ठेव आहे असे मानून उपसा थांबवायला सांगितले. २००५ मध्ये मोठ्या पीठाने रोज पाच लाख लिटरची मुभा दिली. पण मार्च २००४ मध्ये बंद पडलेला कारखाना पुन्हा चालू झाला नाही. मयिलम्मा २००७ च्या जानेवारीत गेली.

२०१० मध्ये राज्य सरकारच्या समितीने नुकसान सुमारे २१६ कोटी रुपयांचे ठरवले. कंपनीने ते मान्य केले नाही. भरपाई ठरवणाऱ्या लवादासाठी २०११ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. २०१७ मध्ये कंपनीने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की कारखाना पुन्हा सुरू करण्याचा तिचा विचार नाही. कारखाना गेला, बिल मात्र तसेच राहिले.

याच काळात कंपनी पाण्यासाठी पैसेही खर्च करत होती, हे नमूद केले पाहिजे. जगभर तिने बंधारे, तळी, वनीकरण यांना मदत केली. आपल्या पेयांत जेवढे पाणी जाते तेवढे आपण निसर्गाला आणि लोकांना परत देतो, असे तिने २०१५ मध्ये जाहीर केले. पण ही बेरीज साऱ्या जगाची मिळून होती, आणि उसाला लागणारे पाणी त्यात धरलेले नव्हते. एका खंडात केलेला पाण्याचा भरणा दुसऱ्या खंडातल्या विहिरीत झिरपत नाही. बँकेत आम्ही रामभाऊंच्या कर्जाचा हप्ता शामरावांच्या खात्यात जमा केला असता, तर बेरीज बरोबर आली असती, पण नोकरी गेली असती. राजस्थानातल्या काला डेरा गावी कंपनीनेच नेमलेल्या टेरी या संस्थेने २००८ मध्ये तपास करून पर्याय सुचवले होते. पाणी दुसरीकडून आणा, साठवा, कारखाना हलवा, नाहीतर बंद करा. तो बंद झाला २०१६ मध्ये.

बाटलीचेही तसेच. निदान चतुर्थांश पेये परत भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकू, हे २०२२ मध्ये जाहीर केलेले उद्दिष्ट डिसेंबर २०२४ च्या नव्या यादीत दिसत नाही.

आपल्या कायद्यातही हा घोळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ वे कलम सांगते की ठरावीक मर्यादेपलीकडल्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. चांगले कलम आहे. त्या पैशाने शाळा झाल्या, दवाखाने झाले. पण ते दान आहे. कुठे द्यायचे, कुणाला द्यायचे, हे देणारा ठरवतो. स्थानिक भागाला प्राधान्य द्या, एवढेच कायदा म्हणतो. देण्याचा कायदा वेगळा. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरायची आणि भरपाईही त्यानेच द्यायची. तिथे निवडीला जागा नाही. ज्याचे नुकसान झाले, त्याच्याच हातात पैसे पडले पाहिजेत.

वुडरफचे दान खोटे नव्हते. विनशिप रुग्णालयात बरा झालेला रुग्ण, रोगनियंत्रण केंद्रामुळे वाचलेले मूल, इचवेत उभी असलेली पाइनची झाडे, हे सगळे खरे आहे. जगात श्रीमंत पुष्कळ झाले. नाव न लावता एवढे देणारे थोडे. त्याच्याकडून शिकण्यासारखे आहेच. पण त्याने दिले ते जिथे त्याचे मन होते तिथे: आपल्या शहराला, आपल्या कॉलेजला, आपल्या जमिनीला. फेकलेली बाटली ज्या गावाच्या नाल्यात अडकली, ते गाव त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते. जे आपल्या वहीत नाही ते दिसत नाही, मग माणूस कितीही उदार असो.

म्हणून दानपत्र वाचताना मी आता एकच गोष्ट शोधतो. ज्या जागेचे पाणी घेतले, ज्या जागी माल वा कचरा टाकला, त्या जागेचे नाव त्यात आहे का? असेल तर ते देणे फिटते आहे. नसेल तर ते दान आहे. दान करणाऱ्याला नमस्कार करावा, आणि थकबाकीचा कागद हळूच पुढे सरकवावा.

इचवेत आज भूजलाची पातळी मोजणारी उपकरणे आहेत, त्यांच्या नोंदी जपून ठेवल्या जातात. प्लाचीमाडाच्या बायकांना ती पातळी पोहऱ्याच्या दोरीवरून कळली. दोरी किती जास्त सोडावी लागली, त्याचा हिशेब त्यांच्याकडे आहे.